न आटलेलं साडेतीन लिटर

अल मन्सूरा, दोहा
शुक्रवार, दुपार

प्रिय विन्सेंट,

आंद्रियाच्या हातात हा लिफाफा बघून तू चपापला असशील. रोज फोनवर बोलणारी बायको एकदम कागद-पेन घेऊन बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तुला कळतंच. तर हो, बिनसलंय. फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला, पण वसंतरावांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. वसईत रेंज जाते हे मला मान्य आहे, पण ती नेमकी त्याच नावाला जावी हे जरा नवलच. आमच्या वॉर्डातली आंद्रिया आज रात्रीच्या विमानानं मुंबईला निघालीय. उद्या दुपारपर्यंत ती तुझ्या घरी येईल आणि पत्र तुझ्याच हातात देईल, आईंच्या किंवा आपल्या लेकाच्या, डीनच्या नाही, असं मी तिला बजावलंय. आत काय आहे हे तिला ठाऊक नाही. सकाळी मिसाहून आले, चहा केला आणि लिहायला बसले.

आधी वसंतरावांची बातमी. त्यांची कोर्टाची तारीख परवा, रविवारी आहे. आरोपीनं पहिल्याच दिवशी कबूल केलंय म्हटल्यावर शिक्षा होणारच, किती हाच काय तो प्रश्न, असं वकील सांगत होते. मी पहिल्यापासून लिहितेय, कारण या माणसाचं काय झालं ते तू एकदाही शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाहीस. फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला सकाळी ते कंपनीची पिकअप घेऊन नेहमीसारखे हमद पोर्टच्या गोदामात स्टोअरकीपरच्या कामाला निघाले. वक्राच्या अलीकडे राउंडअबाउटवर मागून एका ट्रकनं धडक दिली. चूक पूर्ण ट्रकवाल्याची. पण सीटमागचं खोकं फुटलं आणि पोलीस येईपर्यंत गाडीभर बिअरचा वास सुटला. बिनलेबलाच्या तपकिरी बाटल्या, घरी केलेली दारू. पोलिसांनी विचारलं, कुणाच्या, आणि वसंतराव म्हणाले, माझ्या. आठ दिवस कोठडी झाली, मग जामीन मिळाला, पण पासपोर्ट जप्त आणि देश सोडायला बंदी. कंपनीनं नोकरीवरून काढलं. मेहेरबानी एवढीच केली की केस संपेपर्यंत सनय्यातल्या कामगारांच्या कॅम्पमधली खोली राहू दिली. सव्वीस वर्षांनंतर एकतीस मार्चला हा माणूस कायमचा घरी जाणार होता. ट्रंका दोरीनं बांधून तयार होत्या, त्या अजून बांधलेल्याच आहेत. टॉवेल हवा असला की ते दोरी सोडतात आणि काढून झाला की पुन्हा बांधतात.

दर रविवारी कराडहून पुष्पावतीबाईंचा मला फोन येतो. यांचं कागद कवा हुत्याल वो सिस्टर, असं विचारतात. नवऱ्यानं त्यांना फक्त कागद अडकलेत एवढंच सांगितलंय. मी म्हणते, होतील लवकर, इन्शाल्ला. हा इन्शाल्ला कोण साहेब आहे आणि त्याला भेटून काही काम होईल का, असं त्यांनी एकदा मला विचारलं होतं. घराला रंग देऊन झालाय, यांच्यासाठी नवी गादी भरून घेतलीय, असं सगळं त्या सांगत राहतात आणि मी हो हो करत राहते. फोन ठेवला की मला पुढचा तासभर काही सुचत नाही.

आणि मी त्यांच्या नवऱ्याला काय काय बोललेय, विन्सेंट! तुला आठवतं, आपल्या मंडळात सगळे कसे फिदीफिदी हसत होते, की चहासुद्धा अर्धा कप पिणाऱ्या वसंतरावांना साठीला टेकल्यावर म्हातारचळ लागला. मी हसले नाही, पण मी त्याहून वाईट केलं. तीन वर्षांपूर्वी ते माझ्याच वॉर्डात होते. हृदय बंद पडलेलं, ते मी माझ्या या दोन हातांनी दाबून दाबून चालू केलं होतं. त्या हक्कानं मी जेवणाचा डबा घेऊन कॅम्पवर गेले आणि शेजारच्या दोन खाटांवरच्या माणसांदेखत त्यांना झाडलं. या वयात ही अवदसा कुठून आठवली असं विचारलं, बायकोची तरी लाज धरायची असं सुनावलं, लिव्हरचं काय होतं तेही ऐकवलं. ते मान खाली घालून बसले होते. चुकलं सिस्टर, एवढंच म्हणाले आणि माझा डबा धुऊन, पुसून परत दिला. ते आठवलं की मला आता स्वतःची शिसारी येते.

आता आपल्या स्वयंपाकघराचं बोलू. डीन शिकायला वसईला गेला, त्या वर्षी तू कसा झाला होतास ते मी विसरलेले नाही. वेस्ट बेच्या त्या टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर दिवसभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर शिक्के मारायचे, घरी येऊन जेवायचं आणि सोफ्यावर डोळे उघडे ठेवून झोपायचं. मग एक दिवस तू तो मोठा टोप घेऊन आलास. माल्ट आणि ती वाळकी हिरवी फुलं तू कुठून मिळवायचास ते मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं, कारण तू पुन्हा शीळ घालायला लागला होतास. पहिल्या खेपेला तुझी काय फजिती झाली होती! वीस लिटर काढा टोपात घातला आणि वीसच लिटर बिअर मिळणार म्हणून चोख चाळीस बाटल्या धुऊन मांडून ठेवल्यास. तासभर उकळल्यावर मोजून बघतोस तर सतरा. गार झाल्यावर आणखी कमी, तळाचा गाळ सोडला तर आणखी कमी. तू घाबरून वरून पिण्याचं पाणी ओतलंस आणि पंधरा दिवसांनी जे काही झालं ते पाणी घातलेल्या ताकासारखं लागत होतं. दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस, जसं काही ते पाणी मीच आटवलं होतं.

तेव्हा तुला वाट मीच दाखवली. आमच्या वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या पायाशी एक चार्ट असतो. पोटात किती गेलं, बाहेर किती आलं. सलाइन, चहा, सूप एका बाजूला. लघवी, उलटी, घाम दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. बसत नसेल तर पाणी कुठेतरी साचतंय, आणि ते शोधायला हवं. मी म्हटलं, तुझ्या टोपाचाही असा चार्ट ठेवू. लाकडी काठीवर तू लिटरच्या खुणा कोरल्यास आणि कपाटाच्या दाराला आतून मी कागद चिकटवला. प्रत्येक घाण्याला एक ओळ. टोपात घातलं चोवीस. तासाभरात वाफ झाली तीन. गार होताना आकसलं आणि गाळात राहिलं, मिळून साडेतीन. बाटल्यांत साडेसतरा, म्हणजे पस्तीस बाटल्या. आधीच जास्त घ्यायचं, आटणारं आटू द्यायचं आणि पाणी ओतायचं नाही. हे जमल्यावर तुझी बिअर एकदम सुधारली. दोन वर्षं त्या कागदावर वाफेच्या रकान्यात तीन, तीन, सव्वातीन, तीन असंच होतं.

तो उकळीचा तास मला कधीच आवडला नाही. एक्झॉस्ट लावायचा नाही, कारण त्याची नळी वर युसुफभाईंच्या स्वयंपाकघरापाशी निघते. खिडक्या तर या बिल्डिंगमध्ये उघडतच नाहीत. दाराखाली ओला टॉवेल लावून आपण दोघं आत कोंडून घ्यायचो आणि वाफ जायला जागा नसायची. भिंती घामेजायच्या, छतावरून थेंब तुझ्या टकलावर पडायचे. नंतर स्टुलावर चढून मी छत पुसायची आणि तू खालून स्टूल धरायचास. युसुफभाईंच्या बायकोनं एकदा वासाचं विचारलं तेव्हा नाचणीची आंबील म्हणून मी ठोकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी खरंच आंबील करून वर वाटीभर पाठवावी लागली. हसलो होतो किती! पण माझी एक अट होती आणि ती मी हसत घातलेली नव्हती. हा फ्लॅट हॉस्पिटलनं मला दिलाय, कागदावर माझं नाव आहे. पस्तीसच्या पस्तीस बाटल्या या कपाटात राहतील आणि त्यातली एकही उंबऱ्याबाहेर जाणार नाही. तू गळ्यातल्या क्रुसाला हात लावून शब्द दिला होतास.

नोव्हेंबरात आपण नवी शेगडी घेतली. त्यानंतरच्या घाण्याला चार्टवर तू लिहिलंस, वाफ साडेसहा लिटर, बाटल्या अठ्ठावीस. मी विचारलं, एवढं कसं आटलं? तू म्हणालास, अगं, नव्या शेगडीची आच मोठी, रटरट उकळतं, वाफ दुप्पट होते. मला पटलं. बासुंदी आटवताना आच मोठी केली तर लवकर आटते हे काय मला माहीत नाही? जानेवारीतही साडेसहा, अठ्ठावीस. मी कपाटातल्या बाटल्या मोजल्या, अठ्ठावीस भरल्या, आणि मी निश्चिंत झाले.

मग चोवीस फेब्रुवारीला वसंतरावांचा अपघात झाला आणि सव्वीसला तू गेलास. आई पडल्या, कंबर दुखावली, ताबडतोब निघायला हवं. मीच तुझी बॅग भरली. आईंसाठी मलम दिलं, कमरेचा पट्टा दिला. पंधरा दिवसांत येतो म्हणालास. आज दोन महिने झाले. गुड फ्रायडेला मी एकटी होते, ईस्टरला एकटी होते, आणि दर वेळी आईंची कंबर तुला सोडत नव्हती. ईस्टरच्या दिवशी डीननं फोन केला आणि त्याच्या इंग्रजीत सहज सांगून गेला की आजी रोज सकाळी बावखलाच्या तळ्याभोवती दोन फेऱ्या मारते आणि तो बरोबर गेला तर त्यालाच धाप लागते. मी त्याला काही बोलले नाही. तुलाही काही बोलले नाही. मनात म्हटलं, दमला असेल माझा नवरा इथल्या आयुष्याला, राहू दे थोडे दिवस घरी.

मागच्या आठवड्यात गुरुवारी वसंतरावांबरोबर त्यांच्या वकिलाकडे गेले होते. मला हॉस्पिटलपुरतं अरबी येतं, म्हणून दुभाषी. तिथल्या कारकुनानं पोलिसांचा कागद वाचून दाखवला. अर्ध्या लिटरच्या बाटल्या, फुटलेल्या धरून चौदा. तपकिरी काच, पत्र्याची बुचं. मी मान डोलावली आणि पुढचं सांगायला लागले, पण रात्री जेवताना माझा घास हातातच राहिला. आपल्याही बाटल्या तशाच. पण तशा बाटल्या अर्ध्या दोह्याच्या कचऱ्यात सापडतात, आणि आपला चार्ट तर स्वच्छ होता. अठ्ठावीस लिहिल्या, अठ्ठावीस मोजल्या. चार्टनं तुला निर्दोष सोडलं, विन्सेंट, आणि मला केवढं बरं वाटलं ते तुला कळायचं नाही. मी लगेच तुला फोन केला आणि वकिलाकडची हकिकत सांगितली. चौदाचा आकडा तू मला पुन्हा सांगायला लावलास. मग म्हणालास, ग्रेसी, तो टोप आणि काठी टाकून दे, दारावरचा कागदही फाड, उगाच भानगड नको. खाई त्याला खवखवे म्हणतात. तू म्हणाला नसतास तर मी त्या कागदाकडे पुन्हा वळून पाहिलंही नसतं.

शनिवारी मला सुट्टी होती. नळाचं पाणी मोजून चोवीस लिटर टोपात घातलं. तीच नवी शेगडी, झाकण नाही, एक्झॉस्ट बंद, दाराला ओला टॉवेल. उकळी फुटल्यावर मोबाइलवर तासाची वेळ लावली आणि आत उभी राहिले. तुझ्याशिवाय त्या खोलीत मी पहिल्यांदाच उभी होते. भिंतींना पाणी सुटलं, चष्मा धुरकटला. मी आपली येशूला विनवत होते की आटू दे. साडेसहा नाही तर सहा तरी आटू दे. तास संपला, काठी घातली. एकवीस. रविवारी ड्युटीहून आल्यावर पुन्हा केलं, आच अगदी शेवटपर्यंत मोठी ठेवून. पावणेएकवीस. काढा आणि पाणी यात फरक असतो असं तू म्हणशील. असेल, पण साडेतीन लिटरचा नसतो, आणि दोन वर्षं काढाही तीनच आटत होता. जे पाणी वाफ झालं असं तू लिहिलंस, ते वाफ झालंच नव्हतं. साडेतीन लिटर म्हणजे सात बाटल्या. घाणे दोन. मी छत पुसायला स्टुलावर चढले आणि वरच बसून राहिले.

सोमवारी कॅम्पवर गेले. या वेळी त्यांना बाहेर बोलावलं आणि कँटीनच्या मागे उभं राहून सरळ विचारलं. आधी नाही नाही म्हणाले. मग मी आकडे सांगितले. स्टोअरकीपरला आकडे सांगितले की तो फार वेळ खोटं बोलू शकत नाही. तू त्यांना खोकं दिलंस, कोकमाचं आगळ आहे, वक्राच्या व्हिलात माझे मित्र आहेत, तुमच्या वाटेवरच आहे, एवढं द्या म्हणालास. त्यांनी दिलं असतं आणि विसरूनही गेले असते. काच फुटली तेव्हा वास येऊन सगळं त्यांच्या लक्षात आलं. पोलीस समोर येऊन उभा राहीपर्यंत जो काय मिनिटभर मिळाला त्यात त्यांनी ठरवलं की विन्सेंटचं नाव घेतलं तर फ्लॅट सिस्टरचा आहे, सिस्टर आत जाईल. तुम्ही मला मागं वळवलं होतं, म्हणाले, मग एवढं तर माझ्याकडून व्हायलाच पाहिजे. कोठडीतून एक फोन करू दिला, तो त्यांनी घरी केला नाही, तुला केला. नाव घेतलं नाही, काळजी करू नका, सिस्टरला कळू देऊ नका, असं सांगायला. आणि तू म्हणालास, आईला बघून पंधरा दिवसांत येतो आणि सगळं माझ्या अंगावर घेतो. त्यांना अजून वाटतं तू येशील. मला म्हणाले, साहेबांची काहीतरी अडचण असेल.

मी रागावलेय का? रागावलेय. इतकी की सोमवारी रात्री तुझे सगळे शर्ट कपाटातून काढून जमिनीवर फेकले आणि मंगळवारी परत घड्या घालून ठेवले. पण मी तुला ओळखते. तू काही त्या बाटल्यांचा धंदा करत नव्हतास. तुला कुणीतरी वा म्हणायला हवं होतं. मी एकटी वा म्हणत होते, ते पुरत नव्हतं. वक्राच्या त्या व्हिलात चार माणसं ग्लास उजेडात धरून विन्सेंटची बिअर म्हणतील, तेव्हा आपली मान किती ताठ होईल, हे तू मनात कसं रंगवलं असशील ते मला इथे बसून दिसतं. आणि मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. चार्ट माझा, स्टूल माझं, आंबिलीची थाप माझी, शनिवारी तुझ्यासोबत अर्धा ग्लास घेणारी मीच. फक्त मला वाटत होतं की झाकली मूठ सव्वा लाखाची, दार बंद आहे तोवर आपण कुणाचं काही वाईट करत नाही.

आता पुढचं ऐक. मंगळवारी मी गप्प राहायचं ठरवलं होतं. रविवारी शिक्षा होईल, काही महिन्यांनी त्यांना घरी पाठवतील, ते स्वतःच म्हणतात निघून जातील दिवस. डीनचं शेवटचं वर्ष आहे, माझी एकोणीस वर्षांची नोकरी आहे. घर खायला उठलं होतं. या खोलीतून त्या खोलीत जायची, न उघडणाऱ्या खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघायची आणि परत यायची. एकदा तर तुझ्यासारखंच करावं असं वाटलं. पासपोर्ट खणातच होता, रजा शिल्लक होती. आंद्रियाच्याच विमानात जागा होती, मी फोनवर माझं नाव आणि जन्मतारीखही भरली होती. शेवटचं बटण दाबायचं राहिलं, कारण बुधवारी प्रेशर बघायला येते असं वसंतरावांना सांगून ठेवलं होतं आणि सांगितलेली वेळ मला मोडता येत नाही. गेले. प्रेशर एकशेनव्वद, खालचं एकशेदहा. गोळ्यांचं विचारलं तर हसले. नोकरी गेली तसं मेडिकल कार्डही गेलं, मार्चपासून गोळ्या बंद आहेत. मला सांगितलं असतं तर मी आणून दिल्या असत्या आणि पुन्हा ओरडले असते, म्हणून सांगितलं नाही. ते हृदय कसं आहे ते मी हाताखाली बघितलंय, विन्सेंट. तुरुंगात ते महिनाभरही टिकणार नाही.

म्हणून काल, गुरुवारी सकाळी, मी वकिलाला घेऊन सरकारी वकिलांच्या कचेरीत गेले आणि सांगितलं. माझ्या फ्लॅटमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात बनवली. कुणी, असं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, आडनावासकट. वसंतरावांना बोलावून घेतलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण शेवटी रडत रडत जबाब बदलला. वकील म्हणतात, रविवारी त्यांच्यावरची बंदी उठेल असं दिसतंय आणि महिन्याच्या आत ते कराडला असतील. संध्याकाळी मला घरी सोडलं. माझा पासपोर्ट ठेवून घेतलाय, देश सोडायला मला आता बंदी आहे, आणि हॉस्पिटलनं कामावर येऊ नका म्हणून कळवलंय. पुढे काय होईल ते वकिलालाही सांगता येत नाही. हे तुला कुणा दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. आईंना आणि डीनला तू स्वतः सांग, तेवढं माझ्यावर टाकू नकोस. तू तिथे राहिलास तर तुला कुणी हात लावू शकत नाही, आणि इथे विमानातून उतरलास तर काउंटरवरच धरतील. ये असं मी म्हणत नाही. येऊ नकोस असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही. तुला धरतील हे पक्कं माहीत आहे, आणि तरी मी तुझी वाट बघतेय.

तुझीच,
ग्रेसी